थायलंडच्या शाळेत शिकवायला जाताना: गोव्यातल्या शिक्षकांसाठी

गोव्यातून थायलंडला शिकवायला जाणाऱ्याला जास्त फसवतं ते तिथलं ओळखीचं वाटणारं वातावरण. हात जोडून केलेला नमस्कार, शिक्षकापुढे वाकणारी मुलं, दारातली चपलांची रास, नारळाच्या रसातलं कालवण, धो धो पाऊस. युरोपातून आलेला शिक्षक सगळंच परकं म्हणून जपून पाऊल टाकतो. आपण 'हे तर आपल्यासारखंच' म्हणतो आणि नेमके तिथेच चुकतो. त्यामुळे पुढे जिथे दोन्हीकडे साम्य दिसतं, तिथेच जास्त वेळ थांबलो आहोत.

तारखा आणि कागदपत्रं

थाई शाळांचं पहिलं सत्र साधारण १६ मे ते ११ ऑक्टोबर आणि दुसरं १ नोव्हेंबर ते १ एप्रिल असं चालतं. म्हणजे आपल्या मे महिन्याच्या सुट्टीचा पहिला पंधरवडा तिथे शाळा बंद, आणि ऑक्टोबरातही बहुतेक दिवस बंद. 'सुट्टीत जाऊन येऊ' असा बेत करणाऱ्या शिक्षकाच्या हाती मेअखेरचे जेमतेम दोन-तीन आठवडे लागतात, तेही नव्या वर्षाच्या गडबडीतले. खरंच काही शिकवायचं असेल तर बिनपगारी रजा काढून एक पूर्ण सत्र द्या. निवृत्त शिक्षकांना आणि बी.एड. संपवून नोकरीची वाट पाहणाऱ्यांना हे सोपं जातं.

पर्यटक म्हणून जाऊन शिकवता येत नाही, बिनपगारीसुद्धा नाही. स्वयंसेवेलाही थायलंडमध्ये वर्क परमिट लागतं. ते नसताना पकडलं गेल्यास २०१८ च्या दुरुस्तीनुसार ५,००० ते ५०,००० बाट दंड आणि देशाबाहेर रवानगी. शाळेलाही वेगळा दंड होतो. स्वयंसेवकाला 'नॉन-इमिग्रंट ओ' आणि पगारी शिक्षकाला 'नॉन-इमिग्रंट बी' प्रकारचा व्हिसा असतो. अर्ज ऑनलाइन होतो. 'टुरिस्ट म्हणून या, पुढचं आम्ही बघतो' असं सांगणाऱ्या मध्यस्थाला तिथल्या तिथे नकार द्या. पैसे घेऊन पाठवणारी संस्था असेल तर तीन गोष्टी लेखी मागा: शाळेचं नाव आणि जिल्हा, वर्क परमिटचा खर्च कोणाचा, आणि भरलेल्या रकमेतला किती भाग शाळेपर्यंत पोचतो. तिसऱ्या प्रश्नावर जिथे टोलवाटोलवी होते, तिथे पुढे जाऊ नका. अनाथालयातल्या अल्पमुदतीच्या 'स्वयंसेवे'पासूनही लांब राहा. दर महिन्याला नवा माणूस येऊन लळा लावून जातो, ते त्या मुलांच्या भल्याचं नसतं.

पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवेतून आधीच काढून ठेवा. थायलंडला पोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत आगमनाचं डिजिटल कार्ड भरावं लागतं. ते १ मे २०२५ पासून सुरू झालं. ९० दिवसांहून जास्त राहिलात तर दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा असतो. कंबोडियाच्या सीमेलगतच्या सुरिन, सीसाकेत, बुरीराम, उबोन रात्चथानी या प्रांतांतली शाळा मिळत असेल तर आधी परिस्थितीची चौकशी करा. २०२५ मध्ये त्या सीमेवर दोनदा लढाई झाली. उत्तरेला चियांग माईकडे फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि रानं जाळल्याचा धूर असतो. दम्याच्या माणसाने दुसऱ्या सत्रात तिथे जाऊ नये.

एक बारीक पण नेहमी नडणारी गोष्ट: सरकारी कागदांवर बौद्ध संवत असतो, म्हणजे आपल्या सनात ५४३ मिळवायचे. २०२६ म्हणजे २५६९. हजेरीपत्रकात मुलाच्या जन्मवर्षापुढे '५८' दिसलं तर ते मूल २५५८ चं, म्हणजे २०१५ चं.

नमस्कार नव्हे, वाय

थाई 'वाय' दिसतो आपल्या नमस्कारासारखा. फरक असा की तो सगळ्यांना सारखा करायचा नसतो, आणि आधी कोणी करायचा हे ठरलेलं असतं. लहान मोठ्याला आधी करतो. हातांची उंची समोरच्याच्या मानानुसार बदलते:

- बरोबरीच्याला: अंगठे हनुवटीशी, बोटांची टोकं नाकाशी.
- वडीलधाऱ्यांना, मुख्याध्यापकांना: अंगठे नाकाच्या शेंड्याशी, बोटं भुवयांच्या मध्ये.
- भिक्षूंना आणि बुद्धमूर्तीला: अंगठे भुवयांच्या मध्ये, बोटं कपाळाच्या वरच्या कडेला, आणि मान चांगली झुकवून.

मुलांनी वाय केला तर शिक्षकाने खोल वाकून परत वाय करायचा नसतो. छातीपाशी हलकेच हात जोडावेत किंवा नुसती मान लववावी. आपला शिक्षक प्रेमाने शाळेच्या गेटवर पोरांना आधी हात जोडतो, तेव्हा मुलं बावचळतात. दुकानदाराला, चहावाल्याला आधी वाय केला तरी हाच प्रकार. तिथे हसून मान हलवली की पुरे. हातात वह्या असतील तर वाय करण्यासाठी त्या खाली ठेवायची गरज नाही. दक्षिणेकडच्या पत्तानी, याला, नराथिवात या प्रांतांत वस्ती मुख्यतः मलय मुसलमानांची. तिथे सहशिक्षक जे करतील ते पाहून करा.

आपली मोडायला सर्वांत कठीण सवय म्हणजे मुलाच्या डोक्यावर हात ठेवणं. चांगलं उत्तर दिलं की आपला हात आपोआप डोक्याकडे जातो, शाबासकी म्हणून, आशीर्वाद म्हणून. थाई लोकांत डोकं हा शरीराचा सर्वांत पवित्र भाग आणि पाय सर्वांत हीन. काही वयस्क थाई शिक्षक लहानग्यांच्या केसांवरून हात फिरवताना दिसतीलही, पण परक्याने ते करू नये. शाबासकी शब्दांनी द्यावी: 'केंग माक', म्हणजे फार छान.

पायांचे नियम याच्या उलट टोकाचे. पायाने खुर्ची सरकवणं, पंख्याचं बटण अंगठ्याने दाबणं, दार पायाने लोटणं, बसलेल्या मुलाच्या पायांवरून ओलांडून जाणं, हे सगळं टाळा. टेबलावर बसून शिकवण्याची सवय असेल तर तीही गोव्यातच ठेवून जा. वडीलधाऱ्या दोघांमधून जावं लागलं तर खांदे वाकवून, 'खॉथोत' (माफ करा) म्हणून जायचं.

आणि मांडी! देवळात किंवा समारंभात जमिनीवर बसायची वेळ आली की आपण बिनदिक्कत मांडी घालतो. तिथे भिक्षूंसमोर मांडी चालत नाही. दोन्ही पाय एका बाजूला दुमडून, तळवे मागे जातील असं बसायचं असतं. दहा मिनिटांत कंबर बोलायला लागते. निघण्यापूर्वी महिनाभर घरी रोज सराव करा, बाजू बदलत. स्त्रियांनी भिक्षूला स्पर्श करू नये आणि त्याच्या हातात थेट वस्तूही देऊ नये. ती त्याने पसरलेल्या कापडावर ठेवावी.

दूर्वा, लाह्या आणि पिटकुळी

सत्र सुरू झाल्यावर, बहुधा जूनमधल्या एखाद्या गुरुवारी, शाळेत 'वाय ख्रू' असतो, म्हणजे गुरुवंदनेचा सोहळा. मुलांनी केळीच्या पानांच्या कोनात रचून आणलेलं साहित्य पाहून गोव्याच्या माणसाला गलबलून येतं, कारण त्यात दूर्वा असतात, लाह्या असतात, वांग्याची फुलं असतात आणि आपल्या रानातली पिटकुळी, म्हणजे इक्झोराची फुलं असतात. प्रत्येकाला अर्थ आहे. दूर्वा जिथे पडतील तिथे पसरतात, तशी विद्या पसरावी. पिटकुळीची कळी टोकदार, तशी बुद्धी. वांग्याचं फूल खाली झुकलेलं, तो विनय. लाह्या म्हणजे शिस्त, कारण भांड्यावर झाकण असेल तरच त्या नीट फुटतात, नाहीतर घरभर उडतात.

मुलं गुडघ्यांवर सरकत येतात आणि खुर्चीत बसलेल्या शिक्षकापुढे जमिनीपर्यंत वाकतात. आपली प्रतिक्रिया असते 'अरे उठ, उठ' म्हणत दंड धरून उठवण्याची. ते करायचं नाही. बसून राहायचं, फुलं दोन्ही हातांनी घ्यायची, एखादं आशीर्वादाचं वाक्य म्हणायचं, मग फुलं बाजूच्या तबकात ठेवायची. उन्हाची तयारी ठेवा, सोहळा लांबतो. पाय एकावर एक टाकून बसू नका. त्या दिवशी कोणते कपडे घालायचे हे आदल्या दिवशी विचारून घ्या.

सणांची जुळणी पाहिली की पाठ आखायला मजा येते. 'आसान्हा बुचा' ही बौद्ध सणाची पौर्णिमा पुष्कळदा आपल्या गुरुपौर्णिमेलाच येते. 'लॉय क्राथोंग' कार्तिकातल्या पौर्णिमेच्या सुमाराला येतो. केळीच्या खांबाची चकती कापून, पानांनी सजवून, त्यावर दिवा आणि उदबत्ती ठेवून नदीत सोडतात. साखळीच्या विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटीत सोडलेल्या नावांचे फोटो फोनमध्ये घेऊन जा. एका तासाचं संभाषण आपोआप होतं. 'ही कशाची केली आहे? कोण सोडतं? कधी?' एवढ्या तीन प्रश्नांवर पाचवीचा वर्ग तासभर बोलतो.

रामायणाचं मात्र जपून. त्यांचं 'रामकियेन' मुलांना पाठ असतं. त्यातला हनुमान ब्रह्मचारी नाही, त्याला बायका आहेत, आणि मत्स्यकन्या सुपन्नामच्छाशी त्याचं प्रेम प्रसिद्ध आहे. 'आमच्याकडे असं नाही' इतकंच म्हणा. 'तुमचं चुकीचं आहे' हा सूर लागला की वर्ग मिटतो. गणपतीला तिथे 'फ्रा फिखनेत' म्हणतात आणि कलांचा देव मानतात. बुद्धाच्या बाबतीत आपण गोंयकार जरा निष्काळजी असतो. हणजुणच्या बाजारातला बुद्ध छापलेला टी-शर्ट सामानात नसावा.

सकाळचे आठ

आठच्या ठोक्याला झेंडा चढतो, राष्ट्रगीत होतं, त्यानंतर बौद्ध शाळांत पाठ म्हटला जातो. त्या वेळी तुम्ही गेटपाशी असा किंवा जिन्यावर, जिथे आहात तिथे स्तब्ध उभं राहायचं. संध्याकाळी सहाला बाजारात, स्टेशनवर राष्ट्रगीत लागतं, तिथेही तेच. राजघराण्याबद्दल गमतीनेही काही बोलू नका, लिहू नका, कोणाचं पुढे पाठवू नका. दंडसंहितेच्या ११२ व्या कलमाखाली प्रत्येक गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं कैद आहे. नाण्यावर आणि नोटेवर राजाचं चित्र असतं, म्हणून घरंगळणारं नाणं पायाने अडवायचं नाही.

कपडे: बाईंना गुडघ्याखाली जाणारा स्कर्ट आणि खांदे झाकणारा ब्लाउज, सरांना पँट, शर्ट, बंद बूट. साडी सांस्कृतिक कार्यक्रमाला नेसा. रोज नेसली तर मुलं शिकण्याऐवजी साडीकडेच बघत बसतात. सोमवारी बरेच शिक्षक पिवळं घालतात, कारण सोमवारचा रंग पिवळा आणि राजाचा जन्म सोमवारचा. राजघराण्यातला शोककाळ चालू असेल तर काळं. वर्गाच्या दारात बूट काढायचे असल्याने नाडीचे बूट नकोत, आणि भोक पडलेले मोजे तर नकोतच.

निरोप सगळे 'लाइन' नावाच्या ॲपवर येतात. व्हॉट्सॲपवर बसून राहिलात तर उद्या शाळेला सुट्टी आहे हे तुम्हाला बंद गेटवर कळेल. गटातले निरोप थाईत असतात. फोटो काढून भाषांतराच्या ॲपमधून वाचा आणि तारखा मात्र सहकाऱ्याकडून पक्क्या करा. वेळेचाही घोळ होतो. संध्याकाळी सातपासून त्यांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, म्हणून 'सोंग थुम' म्हणजे रात्रीचे आठ.

वर्गात नेमकं काय करायचं

माध्यमिकचा तास साधारण ५० मिनिटांचा आणि वर्गात ४० पर्यंत मुलं. वर्गप्रमुखाच्या हुकमावर सगळे उभे राहून 'गुड मॉर्निंग टीचा' म्हणतात. 'हाउ आर यू?' विचारलंत तर सबंध वर्गाचं एकसुरात उत्तर येतं, 'आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू?' याला इंग्रजी येतं असं समजू नका.

'समजलं का?' हा प्रश्न कधीच विचारू नका. 'खाउ जाय माय?' म्हटलं की 'खाउ जाय' हेच उत्तर मिळणार, समजलं असो वा नसो. शिक्षकाला नाही म्हणणं म्हणजे त्याच्या शिकवण्यात खोट काढणं, आणि ते मुलं करत नाहीत. त्याऐवजी करून दाखवायला सांगा. एफोर आकाराचे पांढरे कागद लॅमिनेट करून पाट्या बनवा: ४० मुलांना २० पाट्या, दोघांत एक, २० मार्कर आणि जुन्या बनियनचे तेवढेच तुकडे पुसायला. प्रश्न सांगायचा, जोडी लिहिते, तीनच्या अंकाला सगळ्या पाट्या एकदम वर. चुकलेला एकटा उघडा पडत नाही आणि तुम्हाला एका नजरेत कळतं. पाटी पुसता येते हा मोठा फायदा आहे. वहीत चूक दिसू नये म्हणून मुलं व्हाइटनर आणि पट्टी घेऊन एक ओळ पाच मिनिटं लिहीत बसतात.

तासाची वाटणी अशी ठेवा. पहिली पाच-सात मिनिटं उशिरा येणाऱ्यांसाठी सोडा, त्यात फळ्यावर चित्र काढा. दहा मिनिटं सगळ्यांनी एकत्र म्हणणं, पाचाहून जास्त नवे शब्द नकोत. पंधरा मिनिटं जोडीने बोलणं. दहा मिनिटं खेळ, गटांत. उरलेल्या वेळात दोन ओळी लेखन. खेळ गाळू नका. ज्यात गंमत नाही ते काम थाई मुलं मुकाट्याने करतात, पण डोक्यात घेत नाहीत. एकट्या मुलाला उभं करून प्रश्न विचारणं शेवटच्या महिन्यापर्यंत पुढे ढकला.

उच्चारांची दुखणी ठरलेली आहेत. थाईत शब्दाच्या शेवटी 'स' टिकत नाही, त्याचा 'त' होतो. शेवटच्या 'ल'चा 'न' होतो, म्हणून फुटबॉलचं 'फुतबॉन'. सुरुवातीची जोडाक्षरं फुटतात, स्कूलचं 'सकून'. 'ग' नाही, म्हणून गौरी टीचरची 'काउरी' होते. 'र' आणि 'ल' बोलण्यात एकमेकांत मिसळतात. उपाय: शेवटचं अक्षर आधी शिकवा. 'बस' म्हणताना हात सापासारखा पुढे नेत 'स्स्स' लांबवायचा, मग पूर्ण शब्द. आठवड्याला एकच ध्वनी घ्या. चुकलेला उच्चार 'चूक' म्हणून सांगू नका, बरोबर उच्चार आपण पुन्हा म्हणा आणि पुढे चला. आपला एक फायदा आहे. 'प' आणि 'फ', 'त' आणि 'थ', 'क' आणि 'ख' यांतला थाई फरक आपल्या कानाला लगेच कळतो. तोटाही आहे: 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्हींना आपण 'व'च म्हणतो, आणि इंग्रजीच्या 'अ', 'द' या उपपदांबाबत तर मराठीही थाईइतकीच कोरी. ते पाठ आधी स्वतः तपासून घ्या.

हजेरीवर दोन रकाने करा. मुलांची खरी नावं लांबलचक आणि संस्कृत वळणाची असतात, पण हाक टोपणनावानेच मारतात: नोक, मिंट, बँक, बॉल. तुम्हालाही 'ख्रू' म्हणजे शिक्षक असं लावून पहिल्या नावाने किंवा टोपणनावाने हाक मारतील, आडनाव कोणी विचारणार नाही. आपलं टोपणनाव ठरवण्यापूर्वी थाई सहकाऱ्याला ऐकवा. 'हिया' हे नाव तिथे अस्सल शिवीसारखं ऐकू येतं. लाल पेनाने तपासलेलं चालतं, पण मुलाचं नाव लाल शाईने लिहू नका, त्याचा संबंध मृत्यूशी जोडतात.

आवाजाचं काय? कौलांवर पाऊस पडत असताना शिकवून आपला आवाज चढाच असतो. तिथे चढा आवाज म्हणजे राग, आणि चारचौघांत रागावणारा शिक्षक स्वतःचीच पत घालवतो. वर्ग गोंगाट करत असेल तर गप्प उभं राहा, किंवा तीन टाळ्यांची खूण ठरवा. एखाद्याला बोलायचं असेल तर तासानंतर, बाजूला घेऊन, पण दार उघडं ठेवून. मारण्यावर २००५ पासून बंदी आहे, तरी कुठेकुठे छडी दिसेल. मुलांसमोर थाई शिक्षकाला अडवू नका. तुमची सोय पाहणाऱ्या शिक्षिकेशी नंतर बोला. मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका.

सत्र वीस आठवड्यांचं असलं तरी अभ्यास पंधराचाच आखा. क्रीडादिन, स्काउटचा कॅम्प, १२ ऑगस्टचा मातृदिन, त्यांच्या तालमी, यांत तास जातात आणि ते आदल्या संध्याकाळी कळतं.

स्टाफरूम आणि ताट

पहिल्याच दिवशी वय विचारतील. त्यावरून तुम्हाला 'फी' म्हणजे थोरलं म्हणायचं की 'नोंग' म्हणजे धाकटं, हे ठरतं. राग मानू नका, सांगून टाका. भेट म्हणून गोव्याचे काजू उत्तम. आधी मुख्याध्यापकांना, मग विभागप्रमुखांना, उरलेलं स्टाफरूमच्या टेबलावर. फेणी शाळेत नेऊ नका. दिलेलं पाकीट समोर उघडत नाहीत, म्हणून 'आवडलं नाही की काय' असं वाटून घेऊ नका.

जेवताना चमचा उजव्या हातात, काटा डाव्या हातात, आणि काट्याने चमच्यात ढकलायचं. चॉपस्टिक नूडल्सपुरत्या. ईसानमध्ये, म्हणजे थायलंडच्या ईशान्य भागात, चिकट भात हाताने गोळा करून खातात, तिथे आपल्याला घरच्यासारखं वाटतं. शीत-कडीच्या माणसाला 'कपी' ही कोळंबीची आंबवलेली चटणी चार दिवसांत रुचते. अडचण येते ती सोमवार पाळणाऱ्यांची आणि श्रावण करणाऱ्यांची. नुसत्या भाजीतही माशाचा सॉस असतोच. 'शाकाहारी' म्हणून भागत नाही, 'जे' म्हणा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत लिहिलेलं 'जे'चं दुकान शोधा. तिथे मांस, मासे, अंडी, दूध नसतंच, कांदा-लसूणही नसतो. बीफ टाळणाऱ्यांनी 'नुआ', डुक्कर टाळणाऱ्यांनी 'मू' हे शब्द पाठ करावेत. 'किन खाउ रू यांग?', म्हणजे जेवलात का, हे विचारणं आपल्याकडच्या 'जेवलो मरे?'सारखंच आहे. 'जेवले' म्हणा आणि पुढे चला, नाहीतर खरंच ताट वाढतील.

गाडी डाव्या बाजूनेच चालते, त्यामुळे गोव्याचा माणूस लगेच स्कूटर भाड्याने घेतो. आरटीओतून काढलेल्या आंतरराष्ट्रीय परवान्यावर दुचाकीची नोंद आहे का पाहा. नसेल तर अपघातात विमा हात वर करतो.

निघताना

गुण ० किंवा १ ते ४ अशा श्रेणीत देतात, १ च्या पुढे अर्ध्या अर्ध्या पायरीने. शून्य मिळालेल्याला पुन्हा काम देऊन सुधारायची संधी द्यावी लागते, म्हणून परीक्षा झाली की लगेच निघता येत नाही. निदान दोन आठवडे हातात ठेवा. गुणांचं पत्रक, पाट्या आणि कोणत्या मुलाचं कुठे अडतं याची एक पानभर टिपणं तुमच्या जागी येणाऱ्या शिक्षकासाठी विभागप्रमुखांकडे द्या. वर्क परमिट रद्द झालं की मुक्कामाची मुदतही त्यासोबत संपू शकते, म्हणून शाळेने कागदावर शेवटचा दिवस कोणता धरला आहे ते विचारून मगच विमानाचं तिकीट काढा.